लाइव्ह प्रसारणांचे अलर्ट: लावता कसे, आवरता कसे?

सांजसावली

मंडळी, जाणकारांकडून सल्ला हवा आहे. मी ऑनलाइन लाइव्ह बरंच बघते. गाण्याच्या मैफिली, बुद्धिबळाचं समालोचन आणि कधीमधी रॉकेटची उड्डाणं. चॅनेल सबस्क्राइब आहेत, घंटा दाबलेल्या आहेत. तरी मैफलीची सूचना भैरवी सुरू झाल्यावर येते आणि ज्याचं मला काही पडलेलं नाही अशा व्हिडिओची सूचना बरोब्बर वेळेवर येऊन टणकन वाजते.

दुसरी तक्रार उलट बाजूची. वैतागून सगळ्या घंटा 'ऑल' करून टाकल्या तर दिवसभर फोन गुरगुरत राहतो आणि मग त्या गर्दीत हवी ती सूचना माझ्याच बोटाने उडवली जाते. तर तुम्ही लोक हे कसं सांभाळता? फोन अँड्रॉइड आहे. "मग नको बघूस लाइव्ह" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो वगळून सांगा. :)

खटपट्या

आधी दोष कुठे आहे ते शोधा, सेटिंग्ज नंतर चिवडा. सूचना दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा: साइट ठरवते की तुम्हाला कळवायचं की नाही. दुसरा: तुमचा फोन ठरवतो की ती लगेच दाखवायची, गुपचूप दाखवायची की मागाहून दाखवायची. बहुतेक लोक पहिल्या टप्प्यावरच डोकं आपटत बसतात.

यूट्यूबपुरती ओळखण्याची खूण सोपी आहे. अ‍ॅपच्या आत घंटेचं चिन्ह असतं, तिथे आलेल्या सूचनांची यादी साठते. लाइव्ह हुकलं की आधी ती यादी उघडा. तिथे त्या लाइव्हची नोंद आहे पण फोनवर काही वाजलं नाही, तर भानगड फोनमध्ये आहे. तिथेही नोंद नसेल तर साइटने पाठवलीच नाही, म्हणजे चॅनेलच्या घंटेकडे बघायचं.

घंटेबद्दल थोडं. सबस्क्राइब केल्यावर घंटा आपोआप 'पर्सनलाइज्ड'वर असते. म्हणजे तुम्ही काय बघता यावरून यूट्यूब स्वतः निवडून थोड्याच सूचना पाठवणार. सगळ्या हव्या असतील तर 'ऑल' निवडावं लागतं. आणि 'ऑल' केलं तरी एका चॅनेलकडून २४ तासांत नवे व्हिडिओ आणि लाइव्ह मिळून जास्तीत जास्त ३ सूचना जातात. एखादं वृत्तवाहिनीछाप चॅनेल सकाळपासून दणादण व्हिडिओ टाकत असेल तर संध्याकाळच्या लाइव्हपर्यंत कोटा संपलेला असतो. पूर्वी ईमेल यायची, तीही ऑगस्ट २०२० पासून बंद आहे, तेव्हा इनबॉक्सची वाट बघू नका.

म्हणून माझा नियम: चॅनेलची घंटा पर्सनलाइज्डच राहू द्या, आणि आधी जाहीर झालेल्या लाइव्हच्या पानावर जाऊन 'नोटिफाय मी' दाबा. ती आठवण त्या एका कार्यक्रमापुरती असते, बाकीचा गोंगाट अंगावर येत नाही.

गुंड्याभाऊ

घरचा सल्ला वगळून उरलं काय? =))

(जागा राखून ठेवतोय, फोनचं प्रकरण आलं की वाचायला येतो.)

सांजसावली

खटपट्या, दंडवत. यादी उघडून बघितली. गेल्या मैफलीची नोंद आहे आणि वेळही मैफल सुरू झाली तेव्हाचीच दिसतेय. फोनवर मात्र फार उशिरा आली. म्हणजे फोनच ना?

खटपट्या

फोनच. आता हे जरा सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के रडगाणी इथलीच असतात (आकडा माझ्या पदरचा).

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, 'डोझ' नावाचा प्रकार आहे. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि तो बराच वेळ हलला नाही की सिस्टिम डुलकी घेते आणि अ‍ॅपची बरीचशी कामं अधूनमधून एकदम उरकते. सूचना पाठवणाऱ्याने संदेशाला 'हाय प्रायॉरिटी' दिलेली असेल तर तो डुलकी मोडून लगेच पोचतो, साधा असेल तर पुढच्या खेपेची वाट बघत पडून राहतो. त्यावर कडी म्हणजे काही कंपन्यांनी बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली आपापली जादा यंत्रणा घातली आहे. बरेच दिवस न उघडलेलं अ‍ॅप ती परस्पर झोपवते.

तर करायचं काय: सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात ते अ‍ॅप, त्यात बॅटरी. तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. मग फोनच्या मुख्य बॅटरी विभागात जाऊन झोपवलेल्या अ‍ॅपची एखादी यादी असेल तर तीही बघा. कंपनीगणिक नाव वेगळं असतं, पण यादी असते. 'फोर्स स्टॉप' मात्र चुकूनही दाबू नका. तसं बंद केलेलं अ‍ॅप तुम्ही हाताने पुन्हा उघडेपर्यंत एकही सूचना घेत नाही.

यानंतर आवाज. अँड्रॉइड ८ पासून एकाच अ‍ॅपच्या सूचनांचे वेगवेगळे गट असतात आणि प्रत्येक गटाला वेगळा आवाज, वेगळी मुभा. पुढच्या वेळी लाइव्हची सूचना आली की ती उडवू नका, तिच्यावर बोट दाबून धरा. 'डिफॉल्ट' आणि 'सायलेंट' असे पर्याय उघडतात. सायलेंटवर असेल तर ती वाजणारच नाही, खाली गुपचूप पडून राहील. तिथूनच बदलता येतं आणि तो बदल फक्त त्या गटाला लागतो.

यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये आणखी दोन छुपे रुस्तुम आहेत, दोन्ही सूचनांच्या सेटिंग्जमध्ये. 'शेड्यूल्ड डायजेस्ट' चालू असेल तर दिवसभराच्या सूचनांचं एकच गाठोडं ठरलेल्या वेळी येतं. व्हिडिओंसाठी उत्तम, लाइव्हसाठी विष. दुसरं, आवाज आणि थरथर बंद ठेवण्याची वेळ. ती मुळातच रात्री १० ते सकाळी ८ अशी लावलेली असते. रात्रीची मैफल म्हटल्यावर हे आधी बघा.

गुंड्याभाऊ

हे १० ते ८ वालं आत्ता कळलं. वाचनखूण साठवली आहे.

जाता जाता, अँड्रॉइड ११ पासून 'नोटिफिकेशन हिस्टरी' आहे. आधी चालू करून ठेवावी लागते. मग बोटाने उडवलेल्या सूचनाही वेळेसकट दिसतात. "आलीच नाही" आणि "आली होती, पण मीच उडवली" यातला वाद तिथे मिटतो. सांजसावली, तुमच्या दुसऱ्या तक्रारीवर हे औषध.

अनुस्वार

आयफोनवाल्यांची बाजू मांडते. इथे बॅटरीची इतकी लढाई नसते, पण आयओएस १५ पासून, म्हणजे २०२१ पासून, 'फोकस' (त्या वेळी निवडक अ‍ॅपनाच सूचना वाजवू देणारी सोय) आणि 'शेड्यूल्ड समरी' आले. समरीत ज्या अ‍ॅपला टाकाल त्याच्या सूचना ठरलेल्या वेळी एकगठ्ठा येतात. लाइव्ह दाखवणारं अ‍ॅप समरीच्या यादीतून बाहेर काढा. फोकसमध्ये मात्र उलट, ते अ‍ॅप परवानगीच्या यादीत आत घाला. बस्स, एवढंच.

इन्स्टाग्रामबद्दल कुणी बोललं नाही म्हणून: ज्यांना फॉलो करता त्यांच्या प्रोफाइलवर वर घंटा असते. ती दाबली की पोस्ट, स्टोरी, रील आणि लाइव्ह अशी वेगवेगळी बटणं येतात. बाकी सगळं बंद आणि फक्त लाइव्ह चालू असं करता येतं. ही सोय सगळ्यांनी उचलायला हवी होती असं मला फार वाटतं. यूट्यूबवर 'फक्त लाइव्ह कळवा' अशी चॅनेलवार निवड त्या घंटेत मिळत नाही आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते.

निवांत

वाईटपणा घेऊन लिहितो. तुम्ही सगळे घंटा कशी वाजवायची यावर निबंध लिहिताय, पण मुळात लाइव्ह बघण्यात असं काय सोनं आहे? यूट्यूबवर १२ तासांच्या आतलं लाइव्ह संपल्यावर आपसूक चॅनेलवर राहतं. दुसऱ्या दिवशी दीडपट वेगाने बघा, मध्यंतराची बडबड पुढे ढकला. मी सगळ्या घंटा बंद केल्या आहेत. काही बिघडलं नाही.

सांजसावली

निवांत, मैफल दीडपट वेगाने? अहो!

धूमकेतू

निवांत यांच्याशी अर्धा सहमत. समालोचन, मुलाखती, कंपन्यांचे सोहळे हे मागाहून बघायचेच प्रकार. पण सगळंच मागे राहत नाही. ट्विचवर (हीही लाइव्हचीच साइट) जुनी प्रसारणं ठरावीक दिवसांनी निघून जातात, मोठ्या भागीदारांचीसुद्धा ६० दिवसांनी. गाण्याच्या कार्यक्रमांत हक्कांच्या अटीमुळे आयोजकच कार्यक्रम संपल्यावर व्हिडिओ काढून घेतात. आणि उड्डाणाचा निकाल कळल्यावर उलटमोजणी बघण्यात राम नाही. घंटा सरसकट बंद करण्यापेक्षा 'हे मागाहून चालेल का' हा प्रश्न प्रत्येक चॅनेलला विचारा. चालेल म्हटलं की घंटा काढा. माझ्याकडे असं केल्यावर मोजकी नावं उरली.

उरलेल्यांसाठी मी सूचनांवर विसंबतच नाही. सूचना म्हणजे प्रसारण सापडायचं साधन. वेळ कळली की थेट घड्याळाचा गजर लावतो. कॅलेंडरही नाही, कारण कॅलेंडरची आठवण हीसुद्धा शेवटी एक सूचनाच, तिलाही तेच नियम लागतात. गजराचं तसं नाही. आयफोनवर तो सायलेंट आणि फोकस दोन्हींना जुमानत नाही, अँड्रॉइडवर 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये गजराला मुळातच मुभा असते.

आता वेळेबद्दल, कारण गजर चुकीच्या वेळेला लावला तर सगळं मुसळ केरात. पोस्टरवर छापलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका, प्रसारणाच्या पानावर दिसणाऱ्या वेळेवर ठेवा. ती तुमच्या फोनच्या घड्याळानुसार बदलून दाखवलेली असते. पोस्टरवर लोक बारा महिने 'ईएसटी' लिहितात. अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात 'ईडीटी' चालू असतो, म्हणजे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ४ तास मागे. ईएसटी ही तिथली हिवाळ्याची वेळ, ५ तास मागे. अक्षरशः हिशेब केलात तर एक तास उशिरा पोचाल. त्यात अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि युरोपची मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत दरवर्षीचा पाठ असलेला फरकही चुकतो. ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा तीच गंमत: युरोप शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ज्या प्रसारकाने यूटीसीमध्ये वेळ दिली त्याचे पाय धरावेत.

तानपुरा

इतका वेळ वाचत होतो, आता पलीकडच्या बाजूने बोलतो. आमच्या मंडळाच्या मैफिलींचं प्रसारण मी सांभाळतो. श्रोत्यांना सूचना मिळत नाही यात अर्धा वाटा प्रसारकांचाही असतो.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं सांगू? कलाकाराला यायला उशीर होतो आणि आयोजक जुना कार्यक्रम रद्द करून नव्या वेळेचा नवा कार्यक्रम तयार करतात. ज्यांनी 'नोटिफाय मी' दाबलं ते सगळे जुन्या पानाला बांधलेले. जुनं पान गेलं की त्यांच्या आठवणीही गेल्या. तोच कार्यक्रम उघडून फक्त वेळ बदलायची, दुवा तोच राहतो आणि माणसंही तीच राहतात.

दुसरं, चाचणी. माइक बघायला म्हणून कुणीतरी दुपारी दोन मिनिटं सार्वजनिक लाइव्ह करतो आणि सगळ्या सबस्क्राइबरांना सूचना जाते. लोक येतात, रिकामं व्यासपीठ बघून जातात, आणि संध्याकाळी खरी सूचना आली की पुन्हा तेच असेल म्हणून उघडत नाहीत. वर खटपट्यांनी सांगितलेल्या तिनातली एक फुकट गेली ती वेगळीच. चाचणी 'प्रायव्हेट' किंवा 'अनलिस्टेड' ठेवून करावी, त्याची सूचना जात नाही.

तिसरं जरा तांत्रिक आहे. कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये 'ऑटो स्टॉप' असतं. ते चालू असताना ओबीएसकडून (संगणकावरून प्रसारण पाठवणारं सॉफ्टवेअर) येणारा प्रवाह तुटला की थोड्याच वेळात कार्यक्रमच संपतो. विलंबित लयीत नेट गेलं आणि परत आलं तोवर पान 'संपलं' म्हणतंय. मग नवं पान, नवी सूचना, निम्मे श्रोते गळाले. आम्ही ऑटो स्टॉप बंद ठेवतो आणि मैफल संपली की हाताने संपवतो. कुणीतरी आठवणीने ते बटण दाबायला हवं एवढीच मेख, नाहीतर सतरंज्या गोळा करण्याचंही प्रक्षेपण जातं.

आणि कार्यक्रम निदान दोन दिवस आधी पानावर लावा हो. सूचना ऐन वेळी पोचेल की नाही हे आपल्या हातात नाही, पण आधी लावलेल्या पानाचा दुवा लोक गटागटांत फिरवतात, गजर लावतात. आमचे बरेचसे श्रोते त्याच वाटेने येतात.

अनुस्वार

तानपुरा, हे स्वतंत्र धागा काढून लिहा. प्रसारकांना वाचायला द्यायला हवं.

चक्रधर_

अजून कुणी आरएसएसचं नाव घेतलं नाही म्हणजे पिढी बदलली. प्रत्येक यूट्यूब चॅनेलची आरएसएस फीड (नव्या नोंदींची आपोआप ताजी होणारी यादी) आजही चालू आहे, त्यात शेवटच्या १५ नोंदी असतात आणि पुढे ठरलेली लाइव्हही नोंद म्हणून दिसतात. फीड रीडरमध्ये (अशा याद्या एकत्र दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) आवडीचे चॅनेल टाकून ठेवा आणि दिवसातून एकदा नजर टाका. घंटा नाही, अल्गोरिदम नाही, कोटा नाही. अर्थात 'आत्ता सुरू झालं' हे सांगायला ती कामाची नाही, नोंद कार्यक्रम तयार होताच पडते. म्हणजे फीडमधून वेळ शोधायची आणि धूमकेतूंसारखा गजर लावायचा. माझं हेच चालतं.

डिस्कॉर्डवर (गटांत गप्पा मारायचं अ‍ॅप) ज्यांचे गट आहेत त्यांच्यासाठी एक टीप. संगणकावर डिस्कॉर्ड उघडं असून तुम्ही तिथे काही करत असाल तर मोबाइलवर सूचना लगेच जात नाही, तुम्ही काही काळ निष्क्रिय झालात की जाते. तो काळ सेटिंग्जमध्ये कमी करता येतो. संगणक चालू ठेवून दुसऱ्या खोलीत गेलं की लाइव्ह का हुकतं याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

गुंड्याभाऊ

एक सावधगिरीची सूचना (पाहा, मीही कामाचं लिहितो). सामन्यांच्या दिवशी 'लाइव्ह इथे बघा' म्हणणाऱ्या फुकट्या साइट उगवतात. पान उघडलं की खेळ दिसत नाही, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा' असा फलक येतो. ते अलाऊ म्हणजे ब्राउझरला दिलेली सूचनांची परवानगी असते. दाबलं की आयुष्यभर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' छाप सूचना. लोक मग अँटिव्हायरस शोधत फिरतात, तर फोनमध्ये व्हायरसबियरस काही नसतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी. ओळखीची नसेल ती प्रत्येक काढून टाका. संपलं.

मी_नवखा

नमस्कार, शीर्षक वाचून आलो पण मला वेगळे अलर्ट हवे होते. मी लाइव्ह करतो तेव्हा कुणी फॉलो केलं किंवा पैसे पाठवले की स्क्रीनवर चित्र आणि आवाज येतो ना, ते कसं लावतात? अवांतर असेल तर क्षमस्व.

तानपुरा

अवांतर आहे पण सोपं आहे. अलर्ट देणाऱ्या सेवेत खातं जोडलं की ती एक दुवा देते. ओबीएसमध्ये सोर्सेसखाली 'ब्राउझर' निवडून तो तिथे चिकटवायचा. सेवेच्या पानावर चाचणीचं बटण असतं, लाइव्ह जाण्याआधी ते दाबून आवाजाची पातळी बघा. मुळात ते आवाज फार मोठे असतात आणि श्रोत्यांनी हेडफोन लावलेले असतात. दोन गोष्टी सांभाळा. तो दुवा कुणाला देऊ नका आणि स्क्रीन दाखवताना उघडा ठेवू नका. त्यात तुमच्या खात्याची किल्ली असते, हाती लागली तर दुसराही ते अलर्ट आपल्याकडे लावू शकतो. फुटलाच तर सेवेच्या सेटिंग्जमध्ये नवा दुवा तयार करता येतो. आणि अलर्ट किती वेळ दिसावा ते कमीत कमी ठेवा. ऐन रंगात आलेल्या बोलण्यावर नाचणारं चित्र आलं की बघणारा वैतागतो.

सांजसावली

सगळ्यांचे आभार. बॅटरीच्या विभागात यादी सापडली, अ‍ॅप तिथे गाढ झोपलेलं होतं. बाहेर काढलं. कालच्या समालोचनाची सूचना वेळेवर वाजली. घंटाही छाटल्या: मैफिलींना गजर, बुद्धिबळाला 'नोटिफाय मी', बाकी सगळं पर्सनलाइज्ड.

एक राहिलं. भाचीच्या आवडीचं गोष्टींचं चॅनेल आहे, दर आठवड्याला लाइव्ह असतं. तिथली घंटा दाबलीच जात नाही, राखाडी दिसते. हे काय प्रकरण?

खटपट्या

ते चॅनेल 'मेड फॉर किड्स' असणार. लहान मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या चॅनेलची घंटा यूट्यूबनेच बंद ठेवलेली असते, कुठल्याही सेटिंगने चालू होत नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वारी असेल तर आवर्ती गजर लावून टाका. उड्डाणांचं काय ठरवलंत? तिथे उलटमोजणी शेवटच्या मिनिटाला 'होल्ड'वर जाते, म्हणजे थांबवली जाते, तेव्हा गजर वाजला की आधी पानावरची वेळ बघा.